सल्ला: कपाटाच्या दारावरची मुखपृष्ठं काढून टाकू का?

पत्र:
माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला आहे. उंची १७० सेंटिमीटर, वजन ५४ किलो. वर्षभरापासून रद्दीच्या दुकानातून पुरुषांच्या इंग्रजी मासिकांचे जुने अंक आणतो आणि त्यांची मुखपृष्ठं कपाटाच्या दारावर चिकटवतो. सगळे उघड्या अंगाचे, पोटावर सहा चौकटी असलेले पुरुष. सकाळ-संध्याकाळ जिम, पोळी-भात बंद, दिवसातून कितीदा तरी आरशासमोर. मागच्या आठवड्यात कळलं की जिममधल्या एका मोठ्या मुलाने त्याला ‘फोटोच्या आधी घ्यायची पाण्याची गोळी’ सुचवली आहे. यांचं म्हणणं, मुलगा अंग कमावतोय, व्यसन तर नाही ना लागलं! मी ती चित्रं काढून टाकू का? आणि असं शरीर खरंच कुणाचं असतं का?
– एक आई, मिरज

उत्तर:

ताई,

चित्रं राहू द्यात. गोळीचं मात्र आजच बघा.

जिममध्ये ‘पाण्याची गोळी’ म्हणतात ती लघवी वाढवणारी गोळी. बहुतेक वेळा फ्युरोसेमाइड, बाजारात लॅसिक्स या नावाने ओळखली जाणारी. हृदय अशक्त झालं, पायांवर किंवा फुप्फुसात पाणी साठलं की डॉक्टर ती देतात. ती शरीरातलं पाणी काढते आणि पाण्याबरोबर सोडियम-पोटॅशियमही जातं. कातडीखालचं पाणी कमी झालं की स्नायू कोरल्यासारखे दिसतात, म्हणून फोटोवाल्यांना ती हवी असते. पण पोटॅशियम घसरलं की आधी पायात गोळे, मग चक्कर, आणि पुढे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. घाम गाळून आलेल्या, भात-पोळी सोडलेल्या पोराला हा धोका आणखी जास्त.

मुलाला सरळ विचारा: घेतलीस का, किती, कधी, कुठून आणलीस? आवाज चढवू नका, नाहीतर पुढची गोळी लपून घेतली जाईल. घेतली असेल आणि धडधड, गरगरणं, हातपाय गळाल्यासारखं वाटणं यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ईसीजी व रक्तातले क्षार तपासायला सांगा. मिरजेत डॉक्टरांची वानवा नाही. त्याच बसण्यात मुलाला स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनचंही विचारा. वाढीच्या वयात स्टेरॉइड घेतलं तर हाडांची टोकं वेळेआधी मिटून उंची कायमची थांबू शकते. ‘तब्येत बिघडेल’ या वाक्यापेक्षा उंचीचा हा मुद्दा १६ वर्षांच्या मुलाला लवकर कळतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. असं शरीर असतं का? असतं, पण काही तास.

पोटाच्या चौकटी स्पष्ट दिसायला पुरुषाच्या शरीरातली चरबी साधारण १०-१२ टक्क्यांच्या खाली यावी लागते. मुखपृष्ठासाठी ती त्याहूनही खाली नेतात. त्यासाठी कित्येक आठवडे मोजून खाणं, मग शेवटच्या दिवसांत मीठ, पाणी आणि पिष्टमय पदार्थ यांचा खेळ. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी आत बसतं, त्यामुळे भात-बटाटा नेमका कधी द्यायचा यावर स्नायू भरलेला दिसणार की रिकामा, हे ठरतं. कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी दहा-पंधरा मिनिटं जोर मारायचे, रबरी पट्टे ओढायचे, म्हणजे दंडात रक्त भरतं. हा फुगवटा तासाभरात ओसरतो. वर तेलाचा हात, बाजूने येणारा दिवा, गडद पार्श्वभूमी. एवढं झाल्यावर संगणकाची पाळी येते.

‘बेवॉच’ (२०१७) या चित्रपटासाठी हॉलिवूडचा नट झॅक एफ्रॉनने कमावलेलं शरीर जगभरच्या मुलांनी भिंतींवर लावलं. २०२२ मध्ये त्यानेच ‘मेन्स हेल्थ’ या पुरुषांच्या मासिकाला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की ते रूप खरंच मिळवता येण्याजोगं आहे का याची शंकाच आहे, त्यासाठी लॅसिक्ससारखी जोरदार औषधं लागली, आणि त्या काळात त्याची झोप गेली, पुढे नैराश्य आलं. मुलाला हे तुमच्या शब्दांत सांगू नका. ती मुलाखत इंटरनेटवर शोधून त्यालाच वाचू द्या. आईने सांगितलेलं आणि पडद्यावरच्या माणसाने कबूल केलेलं यांचं वजन या वयात सारखं नसतं.

पण ‘सगळं फोटोशॉप आहे रे’ असंही म्हणू नका. ते खरं नाही आणि त्याला ते ठाऊक आहे. मुखपृष्ठावरच्या माणसाची मेहनत बहुधा खरी असते. तुम्ही ती नाकारलीत की तो तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही. तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच की मेहनतीच्या वर काय काय चढवलं जातं, आणि का.

चढवण्याचं एक मजेदार उदाहरण आहे. २००७ मध्ये ‘मेन्स फिटनेस’ या अमेरिकी मासिकाने टेनिसपटू अँडी रॉडिकला मुखपृष्ठावर घेतलं, विषय मोठे दंड कमावण्याचा. अंक बाजारात आल्यावर रॉडिकनेच आपल्या ब्लॉगवर थट्टा केली की आपले दंड २२ इंचांचे आहेत हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, आणि उजव्या हातावरची जन्मखूणही कुठेतरी गायब झालीय. लक्षात घ्या, हा २००३ ची यूएस ओपन जिंकलेला, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे सर्व्हिस करणारा खेळाडू. त्याचा खरा हातही मासिकाला पुरेना!

एखाद्या रविवारी तासभर काढा आणि त्याच्याच हाताने, त्याच्या पसंतीचं एक मुखपृष्ठ दारावरून उतरवून टेबलावर ठेवा. यजमानांनाही बसवा, कारण पुढे त्यांचं काम आहे.

आधी शब्द. चित्र हाताने झाका आणि बाजूच्या ठळक ओळी एका कोऱ्या कागदावर मराठीत उतरवून काढा. प्रत्येक ओळीत काय आहे ते बघा: आकडा, आज्ञा आणि मुदत. ‘इतक्या आठवड्यांत’, ‘इतके किलो’, ‘आत्ता’. मग प्रत्येक ओळीसमोर लिहा, ही ओळ वाचणाऱ्यात काय कमी आहे असं ती गृहीत धरते. पोट, दंड, पैसा, शय्येवरचा दम, कपडे. कागद भरला की मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. वर एक पुरवणी: ‘मेन्स हेल्थ’च्या डिसेंबर २००९ च्या अमेरिकी अंकावरच्या ओळी ऑक्टोबर २००७ च्या अंकावरून जवळजवळ जशाच्या तशा उचललेल्या निघाल्या होत्या. अंकावरचा चेहरा तेवढा नवा. पहिल्या वेळी वाचकांची पोटं सपाट झाली असती तर दोन वर्षांनी त्याच ओळी कुणाला विकायच्या होत्या?

यामागचा हिशेब साधा आहे. मासिक नुसत्या वाचकाच्या पैशावर चालत नाही, जाहिरातदाराच्या पैशावर चालतं. व्यायामाच्या मासिकांत तर मालकच दुकानदार असायचा. अमेरिकेत बॉब हॉफमन यांनी १९३२ मध्ये ‘स्ट्रेंग्थ अँड हेल्थ’ सुरू केलं, आणि वजनांचा कारखानाही त्यांचाच. जो वीडर यांच्या मासिकांत पैलवान वीडर यांचे, पावडर वीडर यांची, उपकरणंही वीडर यांचीच. मुखपृष्ठ म्हणजे दुकानाची काच. मुलाकडे पूर्ण अंक असेल तर पानं मोजा: किती लेख, किती जाहिराती, आणि लेखात सांगितलेली वस्तू किती पानांनंतर जाहिरातीत भेटते. हे मोजायला मुलांना आवडतं.

मग शरीर कसं उभं केलंय ते. रिचर्ड डायर या ब्रिटिश अभ्यासकाने १९८२ मध्ये पुरुषांच्या अशा चित्रांवर लिहिताना एक अडचण नेमकी पकडली. कुणीतरी न्याहाळण्यासाठी उभं राहणं हे आजवर बाईच्या वाट्याला आलेलं काम. पुरुषाला त्या जागी ठेवलं की चित्र अवघडतं. मग ते झाकायला पुरुषाला काहीतरी करताना दाखवतात, निदान स्नायू तरी ताठ ठेवतात. त्याची नजर एकतर कॅमेऱ्याला भिडते, नाहीतर वर-दूर कुठेतरी, जणू न्याहाळलं जाण्याशी त्याचा संबंधच नाही. तुमच्या कपाटावर पडताळून बघा. किती जण बसलेले आहेत? किती जणांचा हात सैल आहे, आणि किती जणांच्या मुठी वळलेल्या किंवा अंगठे पट्ट्यात? मनापासून कोण हसतंय? कुणाच्या कडेवर मूल आहे का?

२०२२ मध्ये रणवीर सिंगने ‘पेपर’ या अमेरिकी मासिकासाठी गालिच्यावर विवस्त्र पहुडून फोटो काढले तेव्हा मुंबईत पोलिसांत गुन्हा दाखल झाला. नग्नता हे कारण होतंच. पण त्यावरच्या टिंगलीत ‘पुरुष असा लोळतो का’ हाही सूर होता. उभा, आवळलेला, उघडा पुरुष आपल्याकडे वर्षानुवर्षं स्टॉलवर लटकतोय, त्याची कुणाला तक्रार नाही. हा मुद्दा १६ वर्षांच्या मुलाशी बोलायला अवघड वाटला तर सोडून द्या, बाकीचं पुरेसं आहे.

सुटाबुटातलं मुखपृष्ठ कपाटावर असेल तर तेही घ्या. ‘जीक्यू’ हे पुरुषांच्या फॅशनचं मासिक भारतात २००८ पासून निघतं. तिथे दंडाची जागा मनगटावरचं घड्याळ घेतं, पण ओळींचा सूर तोच. याच ‘जीक्यू’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत नव्या पुरुषपणावर अंक काढला आणि गायक फॅरेल विल्यम्सला पिवळ्या, पायघोळ, पसरट झग्यासारख्या कोटात मुखपृष्ठावर उभं केलं. चांगलं धाडस होतं. अर्थात तो कोटही एका महागड्या कंपनीचाच, हे मुलाला शोधू द्या.

आपल्याकडे ‘स्त्री’ मासिक १९३० पासून होतं, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर चित्रकार दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या होत्या, पण पुरुषाने कसं दिसावं हे सांगणारं मोठं मासिक मराठीत रुजलं नाही. त्यामुळे मराठी मुलाला हा पुरुष इंग्रजीतूनच भेटतो. त्याच्या दंडाबरोबर त्याची भाषा, त्याचं शहर, त्याची उजळ कातडीही नकळत हवीशी वाटू लागते. तुमच्या मुलाला यातलं नेमकं काय हवंय हे ओळखायला वेळ लागेल. सगळंच पोटाबद्दल नसतं.

आता यजमानांचं काम. खोलीतला दिवा बंद करा, पडदे ओढा. वडिलांनी बनियनवर बसून दंड आवळायचा. एका मोबाइलवर फोटो, दुसऱ्याचा टॉर्च. पहिला फोटो टॉर्च कॅमेऱ्याशेजारी, अगदी समोरून धरून. दुसऱ्याला टॉर्च दंडाच्या बाजूला, किंचित वरून, एक-दीड फुटावर. तिसऱ्याआधी १५ जोर (खांदा दुखत असेल तर भिंतीवर टेकून), दंडाला खोबरेल तेलाचं बोट, आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवरून वर बघणारा. तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवा. पाच मिनिटांत त्याच माणसाचा दंड बदललेला दिसतो. फोटो फसले तर कारणं ठरलेली असतात: ट्यूबलाइट चालू राहिली, फ्लॅश आपोआप पडला, मोबाइल तीन फुटांहून जवळ आणल्याने हात वेडावाकडा फुगला, किंवा मोबाइलने सावल्या स्वतःच उजळल्या. शेवटच्यावर उपाय म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर दंडाच्या उजळ भागाला बोट लावून उजेड कमी करायचा.

हा प्रयोग मुलाच्या अंगावर करू नका. तो आधीच आरशात दिवसभर स्वतःला तपासतोय, त्याला आणखी एक आरसा द्यायचा नाही.

त्याला आकड्यांची आवड असेल तर आणखी एक गणित आहे. चरबी वगळून उरलेलं वजन किलोत घ्या आणि त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. १९९५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्टेरॉइड घेणारे आणि न घेणारे व्यायामपटू तपासले, तेव्हा न घेणाऱ्यांचा हा आकडा २५ च्या आसपास अडलेला दिसला. समजा मुखपृष्ठावरच्या माणसाची उंची १८८ सेंटिमीटर, वजन १०५ किलो, चरबी ८ टक्के छापली आहे. चरबी वगळून ९६.६ किलो, भागिले ३.५३, म्हणजे २७ च्या वर. हा पुरावा नव्हे, पण शंकेला जागा नक्की. मुलगा लगेच स्वतःचा आकडा काढेल, तेव्हा आधीच सांगून ठेवा: ही मोजमापं प्रौढ पुरुषांची आहेत, वाढत्या मुलाला लागू नाहीत.

त्याच्या शरीराबद्दल बोलायचं तर १७० सेंटिमीटरला ५४ किलो ही या वयात रोग म्हणावी अशी कृशता नाही. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते ५७ किलोच्या गटात. तुमच्याच भागातल्या तालमीत जाऊन एक संध्याकाळ बसा: जाड मान, रुंद पाठ, बऱ्याच जणांना पोट. बळ अशाही आकारात असतं, हे त्याने डोळ्यांनी बघावं. तिथे भाषण नको, आणि कपाटावर खाशाबांचा फोटो लावायची घाईही नको. एका साच्याच्या जागी दुसरा साचा बसवून काही साधत नाही.

पोळी-भात मात्र परत सुरू व्हायला हवा. पिष्ट बंद केलं की शरीर खाल्लेली प्रथिनं जाळायला घेतं, स्नायू बांधायला कमी उरतात. व्यायामात जीव राहत नाही, चिडचिड वाढते, या वयात वाढही खुंटू शकते. त्याला ‘खा रे’ म्हणण्याऐवजी हे कारण सांगा. १६ ते १८ वयाच्या मुलांसाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजनं उचलणाऱ्याने ७० ते ८० पर्यंत न्यावीत, त्यापुढे विशेष फायदा नाही. दोन अंडी १२, दोन मोठे पेले दूध १६, दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ १२-१४, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, चार पोळ्या १२, वाटीभर दही ५. झाले सत्तर, पावडरीशिवाय. पावडर घेतलीच तर दिवसाला एकच चमचा, आणि डब्यावर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक असेल तरच. जिममधून सुटी, पुडीत बांधून मिळणारी अजिबात नको. व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस, तासभर, पुरतो. दोन वेळा जिममध्ये गेल्याने स्नायू दुप्पट होत नाहीत, सांधे मात्र दुखावतात. सगळं नीट जमलं तर पहिल्या वर्षी महिन्याला अर्धा, फार तर एक किलो वजन वाढेल. हा वेग मुखपृष्ठावरच्या मुदतीत बसत नाही, म्हणून आधीच सांगितलेला बरा.

यजमानांना एकच विचारा: मुलगी असती, जेवण सोडलं असतं आणि बारीक दिसायला गोळी शोधत असती, तर ते हेच म्हणाले असते का? मुलाच्या बाबतीत हा त्रास उशिरा ओळखला जातो, कारण बाहेरून तो शिस्तीसारखा दिसतो आणि लोक पाठ थोपटतात. अंग कितीही कमावलं तरी आपण किडकिडीतच आहोत असं वाटत राहण्याला वैद्यकात मसल डिस्मॉर्फिया म्हणतात. २०१३ च्या अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात तो शरीराबद्दलच्या विकृत प्रतिमेच्या आजारात धरला आहे.

पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. दिवसातला तासाहून जास्त वेळ शरीराच्याच विचारात जातो का? व्यायाम चुकेल म्हणून लग्न, सहल, परीक्षा टाळतो का? दुखापत असतानाही जातो का? उकाड्यातही अंग झाकणारे ढगळ कपडे घालतो का? एक दिवस जिम बंद असली तर घर डोक्यावर घेतो का? यांतल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या, किंवा गोळी-इंजेक्शन सुरू असल्याचं कळलं, तर समजावण्यात वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि ‘हट्टी झालाय’ असं न सांगता खाणं, व्यायामाचे तास, आरसा आणि औषधं यांची चार ओळींची टिपणी हातात द्या. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही केलात तरी चालतो, मुलगा सोबत असायलाच हवा असं नाही.